शब्दचर्चा: 'पॉलिअस्पार्टिक' आणि अमिनो आम्लांची बहुवारिके

शब्दार्थी

'पॉलिअस्पार्टिक' हा शब्द दोन अगदी वेगळ्या ठिकाणी भेटतो. एक, कूलिंग टॉवरमध्ये क्षारांचा थर (पुट) साचू नये म्हणून पाण्यात सोडायच्या पिवळसर द्रावाच्या माहितीपत्रकात. दोन, फरशीवर द्यायच्या दोन डब्यांच्या लेपावर. दोन्हींना मराठीत 'अमिनो आम्लाचे बहुवारिक' (पॉलिमर) म्हणता येईल का? मागे 'संश्लेषित' लावावे की 'कृत्रिम'? शिवाय पाण्यातल्या द्रावाला 'क्षारबंधक' हा शब्द सुचवला गेला आहे. तो योग्य आहे का?

बहुवारिकी

पहिल्याला म्हणता येईल, दुसऱ्याला अजिबात नाही. साखळीतले शेजारी कोणत्या बंधाने जोडलेले आहेत, एवढेच पाहायचे. एका अमिनो आम्लाचा अमिनो गट आणि दुसऱ्याचा आम्लगट यांच्यातून पाणी निघून अमाइड बंध झाला असेल, आणि अशाच बंधांनी साखळी लांबत गेली असेल, तर ते अमिनो आम्लाचे बहुवारिक. पाण्यात सोडतात ते सोडियम पॉलिअस्पार्टेट या व्याख्येत चोख बसते. फरशीच्या लेपाची साखळी वेगळ्याच बंधाची असते. त्याबद्दल लेपवाल्यांनी लिहावे.

'कृत्रिम'पेक्षा 'संश्लेषित' बरे. 'कृत्रिम' म्हटले की नकली, बदली असा वास येतो, आणि पॉलिअस्पार्टेट हा कशाची नक्कल नाही. पण सूक्ष्मजीवांकडून किण्वनाने मिळवलेल्या बहुवारिकांना 'संश्लेषित' लावू नये. त्यांना 'किण्वनजन्य' म्हणावे. गॅमा-पॉलिग्लुटामिक आम्ल आणि एप्सिलॉन-पॉलिलायसिन बाजारात येतात ती मुख्यतः किण्वनानेच.

'पॉलिपेप्टाइड' हा शब्दही इथे सरसकट वापरू नये. अस्पार्टिक आम्लाला दोन आम्लगट असतात, म्हणून साखळी दोन तऱ्हांनी जोडली जाते: अल्फा आणि बीटा. उष्णतेने बनवलेल्या पॉलिअस्पार्टेटमध्ये साधारण ३० टक्के बंध अल्फा आणि ७० टक्के बीटा असतात. सुरुवात शुद्ध एल-अस्पार्टिक आम्लाने केली तरी शेवटी एल आणि डी दोन्ही रूपे मिसळलेली मिळतात. प्रथिनात अशी सरमिसळ नसते: तिथे सहसा अल्फा बंध आणि एल रूपच असते.

शब्दार्थी

हे उष्णतेने नेमके कसे बनते? 'संघनन' लिहायचे की 'जलविघटन', हे प्रक्रिया कळल्याशिवाय ठरत नाही.

बहुवारिकी

दोन्ही, आणि याच क्रमाने.

पहिला टप्पा संघननाचा. कोरडी अस्पार्टिक आम्लाची पूड सुमारे १८० ते २२० अंश सेल्सिअसला, सतत ढवळत तापवतात. प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू जातात आणि पॉलिसक्सिनिमाइड, म्हणजे वलयांची साखळी, उरते. १३३ ग्रॅम अस्पार्टिक आम्लातून ३६ ग्रॅम पाणी जाऊन ९७ ग्रॅम राहते, म्हणजे वजनात २७ टक्के घट. प्रक्रिया कुठवर आली हे कळायला वजन हाच सगळ्यात सोपा मापक आहे. घट २० टक्क्यांवर थांबली तर पूड गोळा झालेली असते किंवा आतपर्यंत उष्णता पोचलेली नसते. फॉस्फोरिक आम्ल उत्प्रेरक म्हणून घातले तर साखळी लांब आणि सरळ येते. उत्प्रेरकाविना ती आखूड राहते आणि तिला फांद्या फुटतात. फांद्या जास्त झाल्या की जैवविघटन अर्धवट होते. नुसते 'पॉलिअस्पार्टेट जैवविघटनशील असते' हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. कोणत्या मार्गाने बनवले, ते लिहायलाच हवे.

मॅलेइक ॲनहायड्राइड आणि अमोनिया हा स्वस्त मार्ग. ९८ अधिक १७ अधिक पाण्याचे १८, बेरीज पुन्हा १३३. हिशेब तोच, साखळी मात्र अधिक वेडीवाकडी.

दुसरा टप्पा जलविघटनाचा. पॉलिसक्सिनिमाइड पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते पाण्यात कालवतात आणि कॉस्टिक सोड्याचा द्राव थेंबाथेंबाने सोडतात. ९७ ग्रॅमला ४० ग्रॅम कॉस्टिक लागते. कॉस्टिक एकदम ओतले तर तापमान आणि पीएच दोन्ही उसळतात आणि वलयाबरोबर साखळीही तुटते. नंतर द्राव पाहिजे तितका पातळ, पण काम करत नाही, अशी तक्रार येते तेव्हा आधी याच टप्प्याकडे पाहावे. गढूळपणा पूर्ण गेला म्हणजे वलये उघडली.

हा मार्ग उद्योगाच्या प्रमाणावर नेल्याबद्दल डॉनलार या कंपनीला १९९६ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षीय हरित रसायन पुरस्कार, लघुउद्योग गटातला, मिळाला होता.

लेपतंत्र

फरशीच्या बाजूने. तिथला 'पॉलिअस्पार्टिक' हा पॉलिअस्पार्टिक एस्टर या नावाचा आखूड केलेला तुकडा आहे. डायअमाइनच्या एका रेणूवर डायएथिल मॅलेएटचे दोन रेणू जोडतात. जोडणी झाल्यावर नायट्रोजनच्या शेजारी जी रचना तयार होते ती अस्पार्टिक आम्लाच्या एस्टरसारखी दिसते. नाव तिथून आले. हा झाला एक डबा. दुसऱ्या डब्यात ॲलिफॅटिक पॉलिआयसोसायनेट असते, बहुतेक वेळा एचडीआय ट्रायमर (हेक्झामिथिलीन डायआयसोसायनेटचे तीन रेणू जुळून झालेला). दोन्ही मिसळल्यावर जो बंध होतो तो युरिया बंध. म्हणजे सुकलेला लेप पॉलियुरिया आहे. त्याला अमिनो आम्लाचे बहुवारिक म्हणणे चूक, आणि त्यावरून तो जैवविघटनशील असेल असे समजणे त्याहून मोठी चूक. मराठीत 'पॉलिअस्पार्टिक एस्टर-पॉलियुरिया लेप' असे पूर्ण लिहावे.

प्रमाणाचाही हिशेब देतो, कारण माहितीपत्रकात 'अंदाजे समान भाग' असे भाषांतर झालेले दिसते आणि ते घातक आहे. ४,४'-डायअमिनोडायसायक्लोहेक्झिलमिथेनवरचा एस्टर घ्या. रेणुभार सुमारे ५५५, अमाइन गट दोन, म्हणून तुल्यभार (एका गटामागचे वजन) २७७. आयसोसायनेटमध्ये एनसीओ (आयसोसायनेट गट, भार ४२) २३ टक्के असेल तर ४२०० भागिले २३, म्हणजे तुल्यभार १८३. पाच टक्के आयसोसायनेट जास्त ठेवायचे: १८३ भागिले २७७ गुणिले १.०५. उत्तर १०० भागांना ६९ भाग, वजनाने. आकारमानाने मोजायचे तर दोन्हींची घनता घेऊन पुन्हा हिशेब करावा लागतो. आयसोसायनेट कमी पडले तर लेप कायमचा मऊ राहतो आणि टायरचे डाग धरतो. फार जास्त झाले तर उरलेले आयसोसायनेट हवेतल्या ओलाव्याने हळूहळू पकते आणि लेप ठिसूळ होतो.

शब्दार्थी

'पॉट लाइफ'ला 'आयुर्मान' असे भाषांतर दिसते. ते पटत नाही.

लेपतंत्र

'मिश्रणाची वापरमुदत' लिहा. 'आयुर्मान' म्हटले की वाचणाऱ्याला वाटते, डबा कपाटात किती महिने टिकेल. ती 'साठवणमुदत'. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी पडले तर माल बादलीतच घट्ट होतो.

वापरमुदत अमाइनवर ठरते. नायट्रोजनभोवती गर्दी जितकी जास्त तितकी प्रक्रिया संथ. मिथाइल गट लावलेले सायक्लोॲलिफॅटिक अमाइन सगळ्यात संथ, सरळ साखळीचे सगळ्यात चपळ. ओलावा या प्रक्रियेला वेग देतो, म्हणून दमट हवेत मुदत घटते. हे पत्रकात आवर्जून लिहावे, कारण एपॉक्सीवर काम केलेल्याला फक्त तापमानाची सवय असते. ओल्या काँक्रीटवर मात्र वेगळाच बिघाड होतो: आयसोसायनेट पाण्याशी जुळून कार्बन डायऑक्साइड सोडते आणि लेपाखाली फोड येतात. जाड थर एकदम दिला तरी हाच वायू आत अडकतो. आणि आयसोसायनेटमुळे श्वसनाची ॲलर्जी जडू शकते. 'हातमोजे व मास्क वापरा' एवढ्यावर भागवू नका, योग्य रेस्पिरेटर असा स्पष्ट उल्लेख हवा.

जलप्रक्रिया

आता 'क्षारबंधक'. हा शब्द नको. त्यातून वाटते की हे बहुवारिक कॅल्शियमला धरून ठेवते. हिशेब करून पाहा. लिटरमध्ये ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम म्हणजे १० मिलिमोल. प्रत्येकाला दोन आम्लगट धरले तर २० मिलिमोल लागतील. सोडियम पॉलिअस्पार्टेटच्या एका घटकाचा भार १३७, म्हणजे लिटरला २.७ ग्रॅम. प्रत्यक्षात मात्रा असते लिटरला काही मिलिग्रॅम. इतक्या कमी मात्रेत कॅल्शियम बांधले जाणे शक्यच नाही. साखळी नुकत्या उगवलेल्या स्फटिकाच्या वाढत्या कडांवर बसते आणि वाढ अडवते. म्हणून 'क्षाररोधक' किंवा 'पुटरोधक'. कामगारांना 'अँटिस्केलंट' पटकन कळते, तोही ठेवायला हरकत नाही. 'बंधक' हा शब्द धातूचे आयन धरून ठेवणाऱ्या ईडीटीएसारख्या चिलेटकारकांसाठी राखावा. पत्रकात 'बंधक' लिहिले आणि वाचणाऱ्याने कठीणपणाच्या प्रमाणात मात्रा वाढवली, तर पैसा वाया जातो आणि पाण्यात जिवाणूंचे सेंद्रिय खाद्य वाढते.

कार्यक्षमता तपासायची रूढ पद्धत: कॅल्शियमचा द्राव आणि बायकार्बोनेटचा द्राव वेगवेगळा बनवून बंद बाटलीत एकत्र करायचा. एका बाटलीत पुटरोधक, एकीत काहीच नाही. ७१ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवून, गाळून, विद्राव्य कॅल्शियम ईडीटीएने मोजायचे. तिसरे माप न तापवलेल्या पाण्याचे. पुटरोधकाच्या बाटलीतून कोऱ्या बाटलीचे वजा करा, मूळ पाण्यातून कोऱ्या बाटलीचे वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा, शंभराने गुणा. बाटली थंड होऊ देऊन मग गाळली तर उत्तर फसवे येते, कारण कॅल्शियम कार्बोनेट थंड पाण्यात जास्त विरघळते.

बिघाड कुठे होतो तेही शब्दार्थाइतकेच महत्त्वाचे. पहिला शत्रू क्लोरीन. हायपोक्लोराइट अमाइडच्या नायट्रोजनवर हल्ला करते आणि साखळी तुटत जाते. दोन्हींच्या मात्रा एकाच नळीतून सोडल्या तर पुटरोधक टॉवरपर्यंत पोचण्याआधीच निकामी होते. दोन्हींच्या जागा दूर ठेवाव्यात, किंवा ऑक्सिडीकरण न करणारे जंतुनाशक वापरावे. दुसरा बिघाड साठवणीचा. जे निसर्गात कुजते ते टाकीतही कुजते. दाट द्राव टिकतो, पण पातळ करून ठेवलेल्या द्रावात बुरशी आणि जिवाणू वाढतात. लागेल तेवढेच पातळ करावे. पॉलिॲक्रिलेट या दुसऱ्या पुटरोधकावरून याच्याकडे वळलेल्यांना ही गोष्ट सांगावीच लागते, कारण पॉलिॲक्रिलेट कुजत नाही.

पेशीसंवर्धक

प्रयोगशाळेच्या बाजूने एक भर, कारण 'पॉलिलायसिन' या शब्दाचाही असाच घोटाळा होतो. अल्फा-पॉलिलायसिन संश्लेषित आहे. ते एन-कार्बॉक्सिॲनहायड्राइडच्या (अमिनो आम्लापासून केलेल्या वलयी संयुगाच्या) मार्गाने बनते. या संयुगांचे वर्णन हर्मान लॉइक्स यांनी १९०६ मध्ये केले. एप्सिलॉन-पॉलिलायसिन स्ट्रेप्टोमायसिस अल्ब्युलस या जिवाणूपासून मिळते, त्यात २५ ते ३५ लायसिन असतात आणि ते परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) म्हणून वापरतात. अल्फामध्ये बाजूचा अमिनो गट मोकळा असतो, एप्सिलॉनमध्ये तोच साखळीत गुंतलेला असतो. नुसते 'पॉलिलायसिन' लिहिले तर काच लेपायची बाटली आणि परिरक्षकाची बाटली यांत फरक उरत नाही.

पेशी चिकटाव्यात म्हणून काचपट्टीला लेप द्यायचा तर ०.१ टक्क्याचा अल्फा-पॉलिलायसिन द्राव दहापट पातळ करतात, स्वच्छ पट्टी त्यात पाच मिनिटे बुडवतात, निथळून ६० अंशांना तासभर किंवा रात्रभर साध्या तापमानाला वाळवतात. पेशी वाढवायच्या भांड्यासाठी ०.०१ टक्क्याचा निर्जंतुक द्राव, २५ चौरस सेंटिमीटरला १ मिलिलिटर, पाच मिनिटे. मग द्राव काढून निर्जंतुक पाण्याने धुणे आणि निदान दोन तास वाळवणे. धुणे वगळले तर सुटा पॉलिलायसिन पेशींच्या पटलाला चिकटून त्यांना मारतो. पातळ करायचे भांडे प्लॅस्टिकचे घ्यावे, कारण काच धन प्रभाराच्या साखळ्या स्वतःवरच ओढून घेते. पेशी प्रथिनभंजक (प्रथिने तोडणारी विकरे) सोडत असतील तर डी रूप घ्यावे, ते त्यांना पचत नाही. म्हणून 'पॉलि-डी-लायसिन'मधला 'डी' भाषांतरात गाळू नये.

परिरक्षकाकडेही हाच प्रभार नडतो. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजसारख्या ऋण प्रभाराच्या घट्टकारकाबरोबर एप्सिलॉन-पॉलिलायसिन गाळ होऊन बसते आणि काम थांबते.

शब्दार्थी

आणि नायलॉन? तेही अमाइड बंधाचेच आहे.

बहुवारिकी

चांगला प्रश्न. नायलॉन-६,६ मोजू नये. ते एक डायअमाइन आणि एक द्विआम्ल मिळून होते, त्यात अमिनो आम्ल नाही. नायलॉन-११ मात्र व्याख्येत सरळ बसते: ते ११-अमिनोअनडेकॅनोइक आम्लाचे संघनन आहे. एरंडेलातले रिसिनोलेइक आम्ल एस्टर करून उष्णतेने तोडतात, अनडेसिलेनिक आम्ल मिळवतात, त्यावर हायड्रोजन ब्रोमाइड आणि मग अमोनिया. आकडा एकेका घटकातल्या कार्बनचा. फक्त 'अमिनो आम्ल' हा शब्द इथे रसायनाच्या व्यापक अर्थाने आहे, प्रथिनांतल्या विसांपैकी एक या अर्थाने नाही, हे एका वाक्यात सांगावे.

इंधननळ्या, हवेच्या ब्रेकच्या नळ्या आणि धातूवरचे पूडलेप ही त्याची मोठी कामे. वितळणबिंदू १८९ अंशांच्या आसपास. ओलसर दाणे यंत्रात घातले तर वितळताना जलविघटन होऊन साखळी तुटते, नळीवर चांदीसारख्या रेघा उमटतात आणि ती वाकवताना तडकते. दाणे ८० अंशांना चार ते सहा तास वाळवून लगेच वापरावेत. वाळवून उघड्या पोत्यात ठेवले तर ते पुन्हा ओलावा घेतात.