मदत हवी आहे: मुलं चौऱ्याऐंशी, मंडळं नऊ, आणि सगळीकडे तीच चौदा

खडूची_पूड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढते आहे.

आमची शाळा छोटी. आठवी ते दहावी, पट 84, मुख्याध्यापक धरून शिक्षक सात. यंदा सहशालेय उपक्रमांची जबाबदारी माझ्याकडे आली आणि तिच्यासोबत नऊ मंडळांच्या नऊ वह्या: विज्ञान, वाङ्मय, वादविवाद, बुद्धिबळ, नाट्य, निसर्ग, चित्रकला, गणित, भित्तिपत्रक. कागदावर शाळा नुसती गजबजलेली.

सुट्टीच्या दिवशी नऊही याद्या एकत्र करून मोजल्या. नावं भरली 131. प्रत्यक्षात मुलं 38. त्यातल्या चौदा जणांचीच 77 नावं! म्हणजे तीच मुलगी सोमवारी प्रयोग करते, मंगळवारी वादविवादात बोलते, बुधवारी पडदा ओढते आणि गुरुवारी भित्तिपत्रकाचं अग्रलेखवजा काहीतरी लिहिते. उरलेल्या 46 जणांचं नाव एकाही यादीत नाही.

मंडळं शाळा सुटल्यावर पाऊण तास भरतात. या 46 मुलांना कशातच गोडी नाही, असं शिक्षकखोलीत सर्रास बोललं जातं. मलाही तेच वाटायचं, पण याद्या मोजल्यापासून खात्री उरलेली नाही. कृपया सांगा:

मंडळं कमी करावीत का? की एका मुलाला दोनच मंडळं असा नियम करावा? आणि या 46 जणांना ओढून आणायचं तरी कसं? प्रमाणपत्र, बक्षीस वगैरे करून झालं. प्रमाणपत्रंही त्याच चौदा जणांच्या घरी गेली.

घोडा_अडीच_घरं

रुमाल टाकून ठेवतो, संध्याकाळी सविस्तर लिहीन. तोवर एक सांगा, बुद्धिबळात किती मुलं आहेत?

खडूची_पूड

यादीत 19, पटापुढे 6.

नाठाळ_मास्तर

निवृत्त मुख्याध्यापक आहे, त्यामुळे फटकळ लिहितो, राग मानू नका. नऊपैकी सहा मंडळं उद्या बंद करा. सात शिक्षकांच्या शाळेत नऊ मंडळं म्हणजे तपासणीसाठी रंगवलेली भिंत. शिक्षक तिथे बसून उत्तरपत्रिका तपासतात हे तुम्हालाही ठाऊक आहे.

दोनच मंडळांचा नियम मात्र करू नका. मी केला होता. त्या चौदा जणांनी एकमेकांच्या नावावर कामं केली, बाहेरचं पोर एकही आत आलं नाही.

मागचा_बाक

ताई, मी त्या चौदांपैकी एक होते. तुमच्या शाळेतली नव्हे, पण आमचीही अशीच छोटी होती. दहावीत पाच मंडळांची सचिव. अभिमान होता, खोटं कशाला बोलू. पण खरं काम म्हणजे एकाच वहीत पाच रंगांच्या पेनांनी पाच हजेऱ्या लिहिणं. वादविवादाची तयारी कधी केलीच नाही, कारण त्याच दिवशी तालीम असायची. सगळं येतं असं सगळ्यांना वाटायचं आणि धड काहीच येत नव्हतं.

आणि मी सचिव का होते? हुशार होते म्हणून नाही. घर शाळेच्या मागच्या गल्लीत होतं म्हणून. माझ्या बाकावरची मैत्रीण माझ्यापेक्षा कितीतरी छान लिहायची, पण घंटा झाली की ती पळायची. तिला गाडी गाठायची असायची, घरी धाकटा भाऊ असायचा. तीन वर्षांत तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

तुमच्या 46 जणांना गोडी आहे की नाही ते नंतर बघू. आधी ती घरी कशी जातात ते विचारा.

सावलीचा_हिशेब

वरच्या प्रतिसादाला प्रचंड अनुमोदन.

घोडा_अडीच_घरं

आलो. यादीत 19 आणि पटापुढे 6 का, याचं माझं उत्तर: मुलांना समोर शेवट दिसत नाही. नुसतं ‘या आणि खेळा’ म्हटलं की चांगली खेळणारी दोघं एकमेकांशी खेळतात, बाकीचे बघतात, तिसऱ्या आठवड्यापासून बघायलाही येत नाहीत.

स्पर्धा लावा, पण साखळी, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, ती नको. बारा मुलांची साखळी म्हणजे 66 डाव. सहा पटांवर आठवड्याला एक फेरी धरली तर अकरा आठवडे, आणि मध्ये परीक्षा. त्याऐवजी स्विस पद्धत घ्या. 1895 साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली, म्हणून हे नाव. दर फेरीला साधारण सारखे गुण असलेल्यांची जोडी लावायची, तीच जोडी पुन्हा लावायची नाही. हरलं म्हणून कोणी बाहेर पडत नाही. बारा जणांना चार फेऱ्या पुरतात, म्हणजे महिन्याभरात निकाल. यातली खरी गंमत अशी की पहिल्या फेरीत हरलेल्या पोराला दुसऱ्या फेरीत त्याच्यासारखाच हरलेला गडी मिळतो, आणि दोघांपैकी एक जण सहसा त्या दिवशी आयुष्यातला पहिला डाव जिंकतो.

प्रत्येकी 15 मिनिटांचं घड्याळ लावा, अर्ध्या तासात डाव संपतो. देखरेखीच्या शिक्षकाला बुद्धिबळ आलंच पाहिजे असं नाही. नसलेलं बरं, मध्ये बोलत नाहीत.

खडूची_पूड

@मागचा_बाक, तुमचा प्रतिसाद वाचून काल वर्गावर्गात जाऊन विचारलं.

46 पैकी 31 मुलं परतीच्या गाडीने जातात. शाळा पाच वाजता सुटते, गाडी पाच दहाला. त्यानंतरची गाडी अंधार पडल्यावर. राहिलेल्या पंधरांपैकी सहा जणांना घरी लहान भावंडं सांभाळायची असतात. आणि त्या चौदांपैकी बारा जण चालत घरी जातात.

दोन वर्षं या मुलांना मी वर्गात ‘तुम्हाला कशातच रस कसा नाही’ म्हणून बोलले आहे. जाऊ दे.

आता प्रश्न बदलला. मंडळं शाळेच्या वेळेतच बसवायला हवीत. पण वेळापत्रकात आठ तासिका, प्रत्येकी 35 मिनिटं, आणि कुणीही आपली तासिका सोडायला तयार नाही. विचारायला गेले तर दहावीच्या गणिताच्या सरांनी वेळापत्रकावर हातच ठेवला.

नाठाळ_मास्तर

कुणाचीही तासिका मागू नका. मागितली की भांडण. सगळ्यांची पाच-पाच मिनिटं घ्या. बुधवारी आठ तासिका 35 ऐवजी 30 मिनिटांच्या केल्या की आठ गुणिले पाच, चाळीस मिनिटं मोकळी होतात. शाळा तेव्हाच सुटते, गाडी तीच मिळते, कुणाचा विषय बुडत नाही. एकट्याचं गेलं नाही की कुणी ओरडत नाही. मी हे अकरा वर्षं चालवलं.

दोन पथ्यं. हा तास शेवटी ठेवू नका, मधल्या सुट्टीनंतर लगेच ठेवा. शेवटी ठेवलात की सभा, सूचना, पाहुणे, सगळे त्यालाच खातात. आणि त्या चाळीस मिनिटांत एकही मूल ‘कशातच नाही’ असं उरता कामा नये. पाच मंडळं पुरेत. पाच शिक्षक मंडळांवर, एक वाचनाच्या खोलीत, एक राखीव, कारण कुणीतरी रजेवर असतंच.

आधी सहा बंद करा म्हणालो होतो, आता चार म्हणतो. वयाने माणूस मवाळ होतो.

पडद्यामागचा

सर, सहमत, पण वाचनाच्या खोलीचं नाव ‘ज्यांना काही नको त्यांची खोली’ पडणार नाही एवढं बघा. आमच्याकडे पडलं होतं.

नाट्य मंडळाबद्दल थोडं. लाजाळू मुलांना मंचावर चढवून धीट करायच्या भानगडीत पडू नका. प्रकाश, आवाज, पडदा, वस्तू वेळेवर हातात देणं, संहिता धरून बसणं, या पाच कामांना एकही वाक्य बोलावं लागत नाही. संहिता धरणारं मूल तर महिन्याभरात अख्खं नाटक पाठ करून बसतं आणि कुणी आजारी पडलं की तेच उभं राहतं. ठरवून करायला जाल तर असं होणार नाही.

वटवट_सावित्री

वादविवादासाठी जागतिक शालेय स्पर्धेचा साचा घ्या. ही स्पर्धा 1988 पासून चालू आहे. दोन बाजू, प्रत्येकी तीन वक्ते, म्हणजे सहा जणांत सामना होतो. छोट्या शाळेला अगदी बेताचा. मूळ साच्यात प्रत्येकाला आठ मिनिटं आणि शेवटी दोन्ही बाजूंची चार-चार मिनिटांची उत्तरं, मिळून 56 मिनिटं. तुमच्या चाळीसात बसणार नाही. म्हणून वेळ निम्मा करा: भाषण चार, उत्तर दोन. 28 मिनिटांत सामना, उरलेल्या बारात निकाल आणि चर्चा.

समोरच्याचं भाषण चालू असताना उभं राहून प्रश्न विचारायची मुभा ठेवाच, फक्त भाषणाचं पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून. पाठ करून आलेलं भाषण तिथेच गळून पडतं. निकाल प्रेक्षकांतल्या तिघांनी द्यायचा आणि कारण सांगायचं. बोलायला घाबरणारी मुलं निकाल फार बारकाईने देतात.

काठावर_पास

अवांतर वाटेल, पण दहावीच्या मुलांना यातून वगळा. पालक म्हणून सांगतो. वर्ष महत्त्वाचं असतं.

नाठाळ_मास्तर

आठवड्यातून चाळीस मिनिटांनी बिघडेल असं वर्ष आधीच बिघडलेलं असतं, साहेब.

सावलीचा_हिशेब

विज्ञान आणि निसर्गाबद्दल उशिरा लिहितो आहे. हे एकत्र करा, आणि दर आठवड्याला काहीतरी झालंच पाहिजे हा आग्रह सोडा. पक्षिगणनेचंच घ्या. जगभर चालणारी एक गणना 1998 पासून दर फेब्रुवारीत चार दिवस होते आणि एका जागी निदान 15 मिनिटं थांबून मोजणं एवढीच तिची अट आहे. त्याहून जुनी, डिसेंबरातली गणना 1900 साली सुरू झाली तेव्हा 27 माणसं होती. तुमचं मंडळ त्याहून फार लहान नसेल.

दुसरं, छोट्या शाळेने जोडीदार शोधावा. तुमच्या बरोबर उत्तरेला किंवा दक्षिणेला, निदान दोन-तीनशे किलोमीटरवर एखादी शाळा गाठा. एकाच दिवशी, आपापल्या माध्यान्ही, दोन्हीकडे एक मीटरची काठी उभी करून सावली मोजा. सावलीवरून सूर्याचा कोन काढा. दोन कोनांतला फरक आणि दोन गावांमधलं अंतर मिळालं की पृथ्वीचा परीघ निघतो. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने बावीसशे वर्षांपूर्वी हेच केलं, त्याला फरक मिळाला वर्तुळाचा पन्नासावा भाग, 7.2 अंश. तुम्हाला दर 111 किलोमीटरला एक अंश मिळायला हवा. घड्याळातले बारा म्हणजे माध्यान्ह नव्हे, सावली सर्वांत आखूड होते तो क्षण पकडायचा, म्हणून अर्धा तास आधीपासून खुणा करत बसायचं. गणित मंडळही यातच उरकतं.

हा प्रयोग एकट्या शाळेला, ती कितीही मोठी असली तरी, करता येत नाही.

खडूची_पूड

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. बुधवारची चाळीस मिनिटं मिळाली. गणिताचे सर पाच मिनिटांसाठी कुरकुरले आणि मग स्वतःहून बुद्धिबळावर बसले. (त्यांना खेळता येतं. मध्ये बोलतात.)

मंडळं पाच: बुद्धिबळ, वादविवाद, नाट्य, विज्ञान-निसर्ग, भित्तिपत्रक. चित्रकला मी भित्तिपत्रकात घातली, त्यावरून दोन मुली रुसल्या आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. वाचनाच्या खोलीत नऊ मुलं आहेत. तिथल्या चौघांनी काल पुस्तकांची नवी यादी करायला घेतली, कुणी सांगितलं नव्हतं.

गाडीने जाणारा आठवीतला एक मुलगा बुद्धिबळात दोन फेऱ्या जिंकून पहिल्या पटावर आला आहे. तो खेळतो हे वर्गातही कुणाला माहीत नव्हतं.

आता नवी अडचण. चौदांपैकी पाच जण नाराज आहेत. एकच मंडळ निवडायला सांगितल्यावर एक मुलगी रडली. म्हणाली, मॅडम, मग मी काय फक्त वादविवादवाली? @मागचा_बाक, तुम्ही तिच्या जागी होतात. तिला काय सांगू?

मागचा_बाक

काही सांगू नका, ताई. तिला एखाद्या सामन्याची नीट तयारी करू द्या, पुरते दोन आठवडे. आणि पाच रंगांची पेनं असतील तर काढून घ्या.