'समजलं का?' विचारूच नका

परदेशात स्वयंसेवकाचं काम पुढे सरकत नाही म्हणून चिडचिड होते, हे अगदी खरंय. पण बरेचदा घोळ दुभाष्यामार्फत बोलताना होतो. एका वेळी एकच वाक्य बोला आणि थांबा. 'समजलं का?' विचारलंत तर पाहुण्याचं मन राखायला लोक 'हो' म्हणतात. त्याऐवजी 'उद्या सुरुवात कशी कराल?' असं विचारा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. ती शांतता फार जड जाते, पण खरं उत्तर त्यानंतरच येतं! स्वयंसेवकांना परदेशात पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या 'पीस कोअर' या संस्थेत २७ महिन्यांपैकी पहिले सुमारे ३ महिने भाषा आणि प्रशिक्षणातच जातात, ते उगीच नाही.

आभार मोघम नकोत. कुणी पाणी भरून दिलं, कुणी वाट दाखवली, ते नाव घेऊन त्यांच्याच भाषेत सांगा. महागडी भेट मात्र टाळा, परतफेडीचं ओझं होतं.