प्रतिसाद: मिरजेची सतार आणि पंढरपूरचा भोपळा

वर म्हटलंय की कारागीर कुठेही नेऊन बसवला तरी वस्तू तीच बनते, पण मला ते तितकंसं पटत नाही बुवा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याचंच घ्या ना, त्याचा खालचा गोल भाग म्हणजे वाळवलेला भोपळा, तो येतो पंढरपूर, मंगळवेढ्याकडून. हा भोपळा कडू, भाजीला काही कामाचा नाही, पण साल जाड आणि वाळला की टणटणीत. मग तो पाण्यात भिजवायचा, कापायचा, आतला गर-बिया काढायच्या आणि आत काटक्या आडव्या लावून हवा तो आकार येईपर्यंत ताणून ठेवायचा. म्हणजे निम्मा आकार तर शेतातच ठरतो, कारागीर नंतर त्याच्याशी जुळवून घेतो.

आणि हे करणारे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, हत्यारांचं काम बसल्यावर १९व्या शतकात वाद्यांकडे वळले (लोखंड घासणाऱ्या हातांनी जवारी घासायला घ्यावी, भारीच आहे की नाही!). जवारी म्हणजे घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) पृष्ठभाग कानाने ऐकत ऐकत घासायचा, त्याला माप नाही. शिवाय मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई राहिले, तेव्हा तंबोरा जरा जरी बेसूर बोलला तर सांगणारं गिऱ्हाईक गावातच होतं.

२०२४ मध्ये सतार आणि तंबोरा दोघांना जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, छानच झालं. पण शेतकऱ्याला उसातून जास्त पैसे सुटतात म्हटल्यावर कडू भोपळा लावणार कोण, मला तर खरी काळजी त्याची वाटते.