मदत हवी आहे: बाबांना कसं सांगू, चावी कुठल्या बाजूला फिरवायची?

सतरावा_मजला

नमस्कार मंडळी,

प्रश्न वाचून हसाल, पण आमच्याकडे गेले दोन महिने यावरून रोज वाजतंय. लालबागची आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली होती, आता नव्या टॉवरमध्ये राहायला आलोय. बाबा ७४ वर्षांचे. चाळीत दाराला कडी-कोयंडा आणि एक पितळी कुलूप, तेही शिमग्याला नाहीतर गणपतीला गावी जाताना लागायचं. एरवी दार सताड उघडं.

आता एकाच्या जागी दोन दारं. बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर, ते बाहेर उघडतं. आत लाकडी मेन डोअर, ते आत उघडतं. दोन्हीला एकाच कंपनीचं मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत आत बसवलेलं कुलूप. बाहेर उभं राहिलं की जाळीचं दार चावी उजवीकडे फिरवून उघडतं आणि मेन डोअर डावीकडे. बरं, तेच मेन डोअर आतून चावीनं उघडायचं तर उजवीकडे! बाबांचं ठाम मत आहे की सुतारानं एक कुलूप उलटं बसवलंय.

मंगळवारी कहर झाला. बाबा सकाळी फिरून आले, मेन डोअरची चावी सवयीनं उजवीकडे, फिरेना म्हणून जोर लावला. चावीचं डोकं हातात आणि पातं आत. मी ऑफिसात, आई मावशीकडे. तासभर जिन्यात बसले बिचारे. नाक्यावरच्या चावीवाल्यानं आधी बारीक स्क्रूड्रायव्हरनं चावीची फट सरळ उभी केली, मग पात्यासारख्या आकड्यानं तुकडा अलगद ओढून घेतला. बाबा तेव्हापासून चावीला हात लावत नाहीत, कुणीतरी घरी असेल तरच खाली उतरतात. मला तेच खुपतंय.

पाठ करता येईल असा काही नियम आहे का? ‘हे दार उजवं, ते दार डावं’ हे त्यांच्या लक्षात राहत नाही. खरं सांगायचं तर माझ्याही राहत नाही.

खारी_बिस्कीट

डिजिटल लॉक लावून टाका. बोट ठेवा, आत या.

सतरावा_मजला

@खारी_बिस्कीट, बाबा अजून मोबाइलला बोट लावताना आधी रुमालाला पुसतात. नको.

जुना_फिटर

सुताराला बोल लावू नका, कुलपं बरोबर बसली आहेत. चूक आहे ती ‘उजवीकडे-डावीकडे’ या भाषेत. मॉर्टिस लॉकला उजवं-डावं कळत नाही, त्याला फक्त चौकट आणि बिजागरी कळते.

बोल्ट दारातून निघून चौकटीत घुसतो. चावी फिरली की आतला दात वर्तुळात फिरतो आणि वर आला की बोल्टला ढकलतो. म्हणजे चावीचा वरचा भाग ज्या दिशेला जातो त्या दिशेला बोल्ट जातो. वरचा भाग चौकटीकडे गेला तर बोल्ट चौकटीत, दार बंद. बिजागरीकडे गेला तर बोल्ट मागे, दार उघडं.

आता तुमचं दार बघा. तुमच्या वर्णनावरून जाळीच्या दाराची बिजागरी बाहेरून उजव्या हाताला असणार, मेन डोअरची डाव्या. म्हणून एक उजवीकडे उघडतं, एक डावीकडे. आणि आत गेलात की मेन डोअरची बिजागरी तुमच्या उजव्या हाताला येते, म्हणून आतून उजवीकडे. कुलूप तेच, फिरवणारा माणूस दुसऱ्या बाजूला गेला इतकंच.

बाबांना एवढंच सांगा: उघडायचं असेल तर चावी बिजागरीकडे.

दुसरं, चावी मोडली कशी? बोल्ट आधीच पूर्ण बाहेर होता, त्याला आणखी बाहेर ढकलायला गेले. अशा वेळी कुलूप हरत नाही, चावी हरते. चावी एका बाजूला जराही हलत नसेल आणि दुसऱ्या बाजूला थोडी फिरून अडत असेल, तर बाजू ती दुसरी, आणि अडलाय तो बोल्ट. दोन्हीकडे ढिम्म असेल तर चावी पूर्ण आत गेलेली नाही नाहीतर चावीच चुकीची. मनगटाचं काम आहे, दंडाचं नाही.

तिन्हीसांज

आमच्याकडे साधं नाइट लॅच आहे, त्यालाही हेच का?

जुना_फिटर

@तिन्हीसांज, नाही, लॅचला हा नियम डोळे झाकून लावू नका. लॅच दाराच्या आतल्या अंगाला बसतं आणि बाहेरच्या सिलिंडरमधून एक पट्टी आत जाते, मॉडेलप्रमाणे फरक पडतो. लॅचची खरी भानगड वेगळी आहे. लोक चावी फिरवतात आणि त्याच चावीला धरून दार ढकलतात. दाराचं सगळं वजन त्या पातळ पात्यावर. चावी फिरवा, दुसऱ्या हातानं दार ढकला, चावी परत सरळ करा, मग काढा. आतल्या पिना एका रेषेत आल्याशिवाय ती निघणारच नाही. त्या चावीवाल्यानं आधी फट सरळ केली ती याचसाठी. माणूस जाणकार दिसतो, नंबर जपून ठेवा.

वरळी_वारा

पावसाळ्याचंही बघा. आमचं लाकडी दार जुलैत फुगतं आणि बोल्ट चौकटीतल्या पट्टीला घासतो. बाजू बरोबर असूनही चावी अडते. दार जरा स्वतःकडे ओढून किंवा आत दाबून चावी फिरवली की सुटतं. आणि खोबरेल तेल घालू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो. पेन्सिलीचं शिसं किसून ती पूड चावीला लावा, चार वेळा आतबाहेर करा.

खारी_बिस्कीट

अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचं काम सुरू केलं ते लालबागला. त्याच लालबागच्या माणसाची चावी मोडावी! बाबांना सांगू नका हां.

सतरावा_मजला

@खारी_बिस्कीट, सांगितलं. म्हणाले, “मग? आम्ही कुलपं बनवणाऱ्यांच्या शेजारी राहायचो, लावणारे नव्हतो.”

@जुना_फिटर काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. काल संध्याकाळी दोघं बाहेर उभे राहिलो. आधी बिजागरीला बोट लावायचं, मग चावी तिकडे. दहा वेळा उघडझाक केली. समोरच्या वहिनींनी दार उघडून विचारलं, “काका, काय हरवलंय का?” मेन डोअर पहिल्या झटक्यात. मग आत जाऊन आतून. तिथे ते थबकले, बिजागरीकडे बघितलं, आणि स्वतःशीच हसले.

आज सकाळी एकटे खाली जाऊन आले. फक्त येताना लॉबीतल्या टपालपेटीशी अडलेत. तिचं दार वर उघडतं, बिजागरी वरच्या बाजूला. बाबा विचारतायत, आता चावी आभाळाकडे फिरवू का?

जुना_फिटर

ते छोटं कॅम लॉक असतं, पाव फेऱ्याचं. आत एक पत्ती फिरते, ती जशी बसवली तसं उघडतं. तिथे दोन्हीकडे हलक्या हातानं करून बघा म्हणावं. आणि पहिली चावी मोडली ना, मग दोन डुप्लिकेट आजच करून घ्या, एक समोरच्या वहिनींकडे ठेवा.