ट्रोलिंग मोटरच्या बॅटऱ्या इंजिनावर चार्ज कराव्यात का?

उत्तरेचा_गळ

मंडळी, मिनेसोटात येऊन चौदा वर्षं झाली, त्यातली नऊ मासेमारीत गेली. बोट १८ फुटी आहे, मागे ११५ हॉर्सपॉवरचं इंजिन, पुढे २४ व्होल्टची ट्रोलिंग मोटर. ज्यांना या प्रकाराची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो: मोठ्या इंजिनाने माशांच्या जागेवर पोचायचं, ते बंद करायचं आणि मग पुढच्या टोकाला बसवलेल्या या विजेच्या मोटरीने आवाज न करता सरकत राहायचं. वारा असला तर जीपीएसच्या आधारे बोट एका जागी धरून ठेवायचं कामही तीच करते.

गेल्या ऑगस्टमध्ये व्हॉयेजर्स नॅशनल पार्कात तीन रात्री होतो. तिथल्या तंबूच्या तळांवर बोटीनेच जावं लागतं, विजेचा प्लग कुठून असणार? दुसऱ्या दिवशी दुपारी काबेटोगामा तळ्यावर वारा सुटला आणि मोटरीच्या मीटरवर एकच दिवा उरला. मासा लागत होता, पण बोट खडकाकडे वाहत चालली होती. सोबत दहा वर्षांचा मुलगा होता. शेवटी गळ गुंडाळून परत फिरलो.

मला राहून राहून वाटतं, इंजिन रोज दीड तास चालत होतं. त्याचा अल्टरनेटर ३५ अँपियरचा. त्यातली जास्तीची वीज वाया जात होती, कारण इंजिन सुरू करणारी स्टार्टिंग बॅटरी आधीच भरलेली होती. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (एका बॅटरीकडची वीज योग्य व्होल्टेजला बदलून दुसरीला देणारा) बसवला असता तर ती वीज ट्रोलिंगच्या बॅटऱ्यांना मिळाली असती. तंबू घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने हा चार्जर बसवावा असं माझं ठाम मत झालंय. तुम्हाला काय वाटतं?

गणिती_नावाडी

सहमत नाही. आकडे मांडतो.

३५ अँपियर हा इंजिन जोरात पळतानाचा आकडा. संथ वेगात त्याच्या निम्मेही मिळतील असं धरू नका. त्यातून इंजिनाचा स्वतःचा खर्च, पेट्रोलचा पंप, फिशफाइंडरचा (मासे दाखवणाऱ्या यंत्राचा) पडदा. हाती २० राहिले असं उदार मनाने धरू. २० अँपियर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे २८० वॅट. चार्जर १२ चे २४ करताना दहाएक टक्के खाणार. २८ व्होल्टला भागा, नऊ अँपियर. दीड तासाचे साडेतेरा अँपियर-तास.

तुमच्या बॅटऱ्या १०० अँपियर-तासांच्या असतील. वाऱ्यात बोट धरून ठेवताना मोटर सरासरी १५ अँपियर ओढते म्हटलं, तर दिवसभराच्या चार्जिंगमधून पाऊण ते एक तास मिळाला. एवढ्यासाठी तीन-चारशे डॉलर आणि इंजिनाच्या वायरिंगला हात? त्यापेक्षा मोठ्या बॅटऱ्या घ्या आणि निघण्याआधी घरी रात्रभर भिंतीच्या प्लगवर चार्ज करा. लेड-अ‍ॅसिडचा शेवटचा २० टक्के भरायला तासन् तास लागतात. ते काम इंजिन कधीच पुरं करू शकत नाही.

उत्तरेचा_गळ

गणित मान्य आहे. पण मला नेमका तो पाऊण तासच हवा होता! आणि शेवटचे २० टक्के मला नकोच आहेत. बॅटरी अर्ध्यावर आलेली असते तेव्हा ती मिळेल तेवढं भराभर घेते.

टेक्सासची_ताई

चार्जर बसवायला माझा पाठिंबा. पण चार्जर वाचवून थेट जोडायचा मोह कुणालाही होऊ नये म्हणून लिहिते.

आम्ही लेड-अ‍ॅसिड काढून १२ व्होल्टची लिथियम घातली आणि सरळ रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकून इंजिनाच्या बॅटरीला जोडली. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी, त्यामुळे इंजिन देईल तेवढं सगळं ती ओढते आणि पोट भरेपर्यंत ओढतच राहते. बऱ्याच आउटबोर्डमध्ये, म्हणजे बोटीच्या मागे लावलेल्या इंजिनांत, गाडीसारखा पट्ट्यावरचा अल्टरनेटर नसतो. फ्लायव्हीलखाली स्टेटर (वीज तयार करणारी गुंडाळी) असतो आणि बाजूला त्या विजेचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर. तो पूर्ण भारावर तासभर चालवला की तापतो. तिसऱ्या फेरीत जळका वास आला. झाकण काढलं तर रेग्युलेटरचं पांढरं सॉकेट तपकिरी पडलेलं, आणि वायर वाकवली की वरचं प्लॅस्टिक बिस्किटासारखं मोडत होतं.

दुसरा धोका याहून वाईट. भरलेल्या लिथियमचं बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट) चालू चार्जिंगमध्ये अचानक जोडणी तोडू शकतं. इंजिनाला दुसरी बॅटरी जोडलेली नसेल तर भार गेला की व्होल्टेज उसळतं आणि रेक्टिफायरचे डायोड जाऊ शकतात, कधी फिशफाइंडरही. चार्जर मध्ये असला तर तो करंटला मर्यादा घालतो आणि इंजिनाच्या बाजूला स्टार्टिंग बॅटरी कायम जोडलेली राहते.

मालवणचो_दर्यो

आमची घरची मच्छीमारी बोट आहे, म्हणून बोलतो. तिचं डिझेल इंजिन समुद्रात रात्रभर चालू असतं. दिवे, वायरलेस, जीपीएस, मासे दाखवणारं यंत्र, सगळं बॅटरीवर आणि बॅटरी अल्टरनेटरवर. चार्ज करायला म्हणून ती आम्ही कधी घरी आणत नाही. जेटीवर प्लग कुठे आहे? आमच्या तांडेलाला (बोटीच्या म्होरक्याला) कुणी सांगितलं की इंजिनावर बॅटरी भरत नाही, तर तो ऐकूनही घेणार नाही.

फरक एवढाच की आमचं इंजिन दहा-बारा तास चालतं. भाऊ, तुमचं दीड तास चालतं. अल्टरनेटर किती अँपियरचा हे विचारण्याआधी इंजिन किती वेळ चालतं ते विचारा. तळ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला दिवसभर पळापळ असेल तर चार्जर जरूर लावा. एका खाडीत बसून राहणार असाल तर गणिती भाऊंचं बरोबर.

तांब्याची_तार

कुणी वायरीबद्दल बोलत नाहीये, आणि या कामात घोळ तिथेच होतो. इंजिन मागे, बॅटऱ्या पुढे. १८ फुटी बोटीत जाऊन-येऊन ३६ फूट तांबं लागतं. १० गेजच्या वायरीचा रोध फुटाला साधारण एक मिलिओहम, म्हणून ३० अँपियरला एक व्होल्टहून जास्त वाटेतच जातो. इंजिनाकडे १४.२ असले तरी चार्जरपाशी १३.१. बरेच चार्जर आत येणाऱ्या व्होल्टेजवरून इंजिन चालू आहे की बंद हे ओळखतात. त्यांना वाटतं इंजिन बंद झालं आणि ते थांबतात. क्षणात व्होल्टेज परत चढतं, पुन्हा सुरू. मग माणूस चार्जर खराब म्हणून परत पाठवतो. ६ गेज वापरा (आकडा लहान तशी वायर जाड), नुकसान ०.४ च्या आसपास येतं. आणि फ्यूज बॅटरीच्या टोकापासून ७ इंचांच्या आत घाला, बोटीच्या वायरिंगचा अमेरिकेतला मान्य नियम तोच आहे. वायर घासून उघडी पडली तर पेट्रोलची टाकी शेजारीच असते.

गणिती_नावाडी

आता आणखी एक बाजू. १०० वॅटचं घडीचं सोलर पॅनेल ऑगस्टमध्ये चार-पाच तास नीट उन्हात ठेवलं तर बारा-तेरा अँपियर-तास देतं, २४ व्होल्टवर. म्हणजे तुमच्या अल्टरनेटरइतकंच. इंजिनाला हात नाही, रेग्युलेटर तापत नाही.

उत्तरेचा_गळ

ऊन असतं तेव्हा बोट तळावर नसते हो. आणि बोटीत पसरलं तर मुलाच्या पायाखाली येतं. दोघंही उभ्याने गळ टाकतो.

पण मालवणच्या दादांचा प्रश्न मनाला लागला. माझं इंजिन खरंच दीड तास चालतं का, हे मी कधी मोजलेलंच नाही. मे महिन्यात वॉलआय माशाचा हंगाम उघडला की क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारं) घेऊन जातो आणि आधी खरे आकडे घेतो. चार्जर तोवर घेत नाही.

टेक्सासची_ताई

डीसी करंट मोजणारा क्लॅम्प घ्या, साधा एसीचा चालणार नाही. १००० आरपीएमला एकदा आणि ४००० ला एकदा मोजा, फिशफाइंडर चालू ठेवून. आणि दहा मिनिटं पळवल्यावर रेग्युलेटरच्या सॉकेटला हात लावून बघा. हात ठेवता येत नसेल तर तिथेच थांबा आणि इथे कळवा.