लघुपट स्पर्धेत 'वैविध्या'चे गुण द्यायचे कसे?

नौपाडाकर: ठाण्यात आमच्या मंडळाची लघुपट स्पर्धा आहे. २२ फिल्म, प्रत्येक १५ मिनिटांच्या आत, परीक्षक ३. १०० पैकी २० गुण 'वैविध्य आणि अल्पसंख्याकांचं चित्रण' याला ठेवलेत. बेक्डेल टेस्ट लावून मोकळं व्हावं का?

ऐरोलीचा कट: नाही. ती १९८५ च्या कॉमिक स्ट्रिपमधून आली: दोन बायका, एकमेकींशी बोलणं, तेही पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर. दोन पात्रांच्या आठ मिनिटांत ती काय मोजणार? आणि जात-धर्म तिच्यात येतच नाही. मुस्लिम पात्रांसाठी रिझ टेस्टचे पाच प्रश्न आहेत: पात्राचा दहशतवादाशी संबंध, विनाकारण संताप, मागासलेपण, पाश्चात्त्य जगण्याला धोका, पुरुष असेल तर स्त्रीद्वेष्टा किंवा बाई असेल तर दबलेली. एकालाही 'हो' आलं की नापास. पण मग बॉम्बस्फोटात घर गमावलेल्या माणसाची फिल्मही नापास होते! म्हणून 'हो' आलं तर गुण कापू नका, त्यावर तिघांनी बोला.

मुंब्रा स्लो: त्या २० गुणांचे ८-६-६ करा. ८ गुण 'काढून बघा'ला: अल्पसंख्याक पात्र वगळलं तर गोष्ट अडते का? समलिंगी आणि ट्रान्स पात्रांसाठीच्या व्हिटो रूसो टेस्टमधली ही अट सगळ्यांनाच लागू पडते. ६ गुण त्या पात्राच्या पडद्यावरच्या पहिल्या एन्ट्रीला. मुस्लिम पात्र येताच अजान आणि हिरवा दिवा लागला, तर दिग्दर्शकाने आळस केलाय. ६ गुण भाषेला: वऱ्हाडी किंवा आगरी बोली फक्त वॉचमन आणि कामवालीच्या तोंडी आहे का? 'फँड्री'त (२०१३) डुकरामागे धावणारं कुटुंब राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी थांबतं. जातीवर एक वाक्यही न बोलता सगळं कळतं. असं दिसलं तर हात आखडू नका.

ऐरोलीचा कट: ८-६-६ चालेल. फक्त ज्या फिल्ममध्ये असं पात्रच नाही तिला शून्य देऊ नका. ते २० गुण बाजूला ठेवून ८० पैकी काढा आणि शंभरावर न्या. नाहीतर पुढच्या वर्षी प्रत्येक फिल्ममध्ये एक शोभेचा अब्दुल येईल.

नौपाडाकर: आणि कॅमेऱ्यामागची माणसं? ऑस्करला तेही बघतात ना?

मुंब्रा स्लो: बघतात. २०२४ च्या सोहळ्यापासून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी चारपैकी दोन निकष पुरे करावे लागतात, त्यातला एक पडद्यामागच्या लोकांचा. पण तिथे निर्माते माहिती भरून देतात. तुम्ही आडनावं वाचत बसाल, आणि आपल्याकडे 'पाटील' वरून आगरी, कोळी की मराठा ते कोण सांगणार? प्रवेश अर्जात जात विचारू नका. गुण देताना श्रेयनामावली सुरू होण्याआधी फिल्म थांबवा.