पहिले वेल्डिंग यंत्र नवशिक्याने कोणते घ्यावे: आर्क की मिग?

धागालेखक:

घरच्या किंवा शेतावरच्या कामासाठी ज्याला वेल्डिंग शिकायचे आहे, त्याने पहिले यंत्र म्हणून २०० अँपिअरचे साधे इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणारे) आर्क यंत्र, म्हणजे लेप दिलेला रॉड जाळून जोडणारे यंत्र, घ्यावे आणि मिगचा, म्हणजे रिळावरची तार आणि गॅस वापरणाऱ्या यंत्राचा, विचार निदान वर्षभर करू नये, असे माझे ठाम मत आहे. शेताच्या फाटकाची बिजागरी दरवर्षी तुटायची आणि वेल्डिंगच्या त्या दोन टाक्यांसाठी तालुक्याच्या गावाहून माणूस आणावा लागायचा, म्हणून मी हे काम शिकलो. त्यामुळे माझे मत मुख्यतः अशाच माणसाच्या गरजेवर बेतलेले आहे.

पहिला मुद्दा विजेचा. २.५ मिलिमीटरचा रॉड ६० ते ९० अँपिअरवर चालतो. ८० अँपिअरला आर्कचा दाब साधारण २३ व्होल्ट धरला, तर प्रत्यक्ष जोडावर दोन किलोवॅटपेक्षाही कमी शक्ती खर्च होते, आणि यंत्रातली तूट मिळवूनही घरातल्या १६ अँपिअरच्या पॉवर प्लगवर हे काम निभते. यंत्र २०० अँपिअरचे घ्यायचे ते २०० वर चालवण्यासाठी नव्हे, तर ८०-९० वर ते तासन्‌तास न तापता चालावे म्हणून. ३.१५ चा रॉड लावायचा असेल, तर मात्र वायरमनकडून वेगळी लाइन आणि योग्य एमसीबी बसवून घ्यावा.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आर्कमध्ये हाताची चूक लपत नाही. रॉड फार जवळ गेला की चिकटतो, फार लांब गेला की ठिणग्या उडून टाका पसरट आणि भोकाभोकांचा होतो. ६०१३ चे (सर्वसाधारण कामाचे) रॉड आणि भंगारातली ६ मिलिमीटर जाडीची पट्टी घेऊन, तिच्यावर खडूने रेघा आखून, आठवडाभर फक्त सरळ टाके मारत बसावे. तीन-चार दिवसांनी काळ्या काचेतून एक फरक दिसू लागतो: वितळलेले लोखंड पातळ आणि झळझळीत असते, तर खपली (रॉडवरच्या लेपाचा वितळलेला मळ) थोडी मंद दिसते आणि त्याच्या मागेमागे सरकते. हा फरक दिसेपर्यंत माणूस नुसता रॉड जाळत असतो. टाका नीट बसला, तर गार होताना खपली एका कडेने स्वतःहून उचलली जाते.

प्रतिसाद १ (फॅब्रिकेशनचा व्यवसाय करणारा):

आपला अनुभव मी नाकारत नाही, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. आज घरगुती कामात ६ मिलिमीटरची पट्टी किती जण वापरतात? टेबल, मांडणी, खिडकीची जाळी ही बहुतेक कामे १८ गेजच्या, म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपची असतात. नवशिक्याने त्यावर २.५ चा रॉड टेकवला की भोक पडते, ते बुजवायला गेला की आणखी मोठे होते, आणि चौथ्या भोकाला यंत्र माळ्यावर जाते. माझ्या दुकानात शिकायला आलेल्या मुलांपैकी ज्यांना मी मिगच्या ०.८ मिलिमीटरच्या तारेवर बसवले, ती त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पाइपचा कोपरा जोडू लागली.

याचे कारणही सरळ आहे. आर्कमध्ये रॉड जळून आखूड होत जातो, म्हणून हात पुढे नेता नेता त्याच वेळी खालीही आणावा लागतो. मिगमध्ये तार यंत्रच पुढे ढकलते, त्यामुळे शिकणाऱ्याला केवळ कोन आणि वेग सांभाळायचा असतो. सिंगल फेजवर चालणारी, मिग आणि आर्क दोन्ही करणारी यंत्रे आता सहज मिळतात, आणि गॅसविना चालणारी फ्लक्सची (पोटात संरक्षक भुकटी असलेली) तार वापरली तर सिलिंडरही लागत नाही. पहिल्या यशासाठी नवशिक्याला महिनाभर ताटकळत का ठेवायचे?

धागालेखक:

पातळ पाइपबद्दलचा आपला आक्षेप योग्य आहे आणि तो मी आधीच मांडायला हवा होता. तरीही त्यावर २ मिलिमीटरचा रॉड ४०-५० अँपिअरवर लावून, सलग न ओढता थोड्या थोड्या अंतराने टाके मारले, तर १.२ चा पाइप जोडता येतो. हात बसायला वेळ लागतो, हे मान्य.

मला भीती वाटते ती त्या पहिल्या दिवसाच्या यशाची. एका मित्राच्या मिगवर मी ५ मिलिमीटरच्या पट्टीचा ब्रॅकेट केला होता. टाका इतका देखणा आला, की मी त्याचा फोटो काढला. पुढे संशय आला म्हणून तो व्हाइसमध्ये धरून हातोडीचे दोन घाव घातले, तर टाका सालीसारखा अख्खा निघाला आणि खालच्या पट्टीवर ग्राइंडरचे ओरखडे जसेच्या तसे होते. लोखंडाला लोखंड मिळालेच नव्हते, तार नुसती वर बसली होती. त्या ब्रॅकेटवर पाण्याची टाकी ठेवायची होती.

शिवाय उघड्या शेतात वारा मिगच्या जोडाला हवेपासून वाचवणारा गॅस उडवून नेतो. फ्लक्सच्या तारेला ती अडचण नसते, पण गन आणि अर्थिंगची ध्रुवता (प्लस-मायनस) बदलून घ्यावी लागते, आणि नवशिक्या नेमके तेच विसरतो.

प्रतिसाद २ (सिंधुदुर्गातून):

आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते, की इन्व्हर्टरचे कार्ड जाण्याची धास्ती कायम असते, आणि त्यात ग्राइंडरचा लोखंडी कीस गेला तर दुरुस्तीला यंत्र शहरातच पाठवावे लागते. तांब्याच्या वाइंडिंगचे जुने ट्रान्सफॉर्मर यंत्र जड असते, त्याला बहुधा दोन फेज लागतात, पण ते गावात दुरुस्त होते. ज्याच्याकडे शेतीचे थ्री-फेज कनेक्शन आहे, त्याने याचाही विचार करावा. यंत्र कोणतेही असो, रॉडचे पाकीट मात्र हवाबंद डब्यातच ठेवावे.

प्रतिसाद ३ (आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवणारा):

आपण सर्वजण यंत्रावर वाद घालत आहात, आणि मला ती सुरुवातच चुकीची वाटते. आमच्याकडे वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, आणि पहिले काही दिवस मुलांच्या हातात होल्डर (रॉड धरायची पकड) येत नाही. घरी यंत्र आणून व्हिडिओ पाहत एकट्याने शिकण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. जो माणूस काच न लावता ‘फक्त एक टॅक’ (तुकडे जागेवर धरणारा छोटा टाका) मारतो, त्याला त्या क्षणी काहीच जाणवत नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होते. गॅल्व्हनाइज्ड पाइपवरचे जस्त न घासता वेल्डिंग केले, तर त्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला आहे. म्हणून आधी एखाद्या जाणत्या कारागिराजवळ पंधरा दिवस नुसते बसावे, आणि यंत्र त्यानंतर घ्यावे.

धागालेखक:

सर, सुरक्षेबद्दल आपले म्हणणे मी शब्दशः स्वीकारतो. मिगऐवजी आर्क घेऊन जे पैसे वाचतात, ते आपोआप काळी होणाऱ्या काचेचे हेल्मेट, कातडी हातमोजे आणि जाड सुती सदरा यांवरच आधी खर्च व्हावेत. परंतु पंधरा दिवस जवळ बसू देणारा कारागीर प्रत्येकाला मिळत नाही. माझ्या गावात दुकान एकच आहे आणि त्याला हंगामात मान वर करायला फुरसत नसते. अशा माणसाने शिकूच नये, असे मी म्हणणार नाही.

प्रतिसाद १ (फॅब्रिकेशनचा व्यवसाय करणारा):

तो ब्रॅकेट यंत्रामुळे निघाला नाही. व्होल्टेज कमी आणि तारेचा वेग जास्त ठेवला, म्हणून निघाला. मी मुलांना मिगवर बसवतो, पण दर संध्याकाळी त्यांच्याकडून एक टी-जोड (एका पट्टीवर दुसरी उभी लावलेला) एकाच बाजूने वेल्ड करून घेतो आणि उभी पट्टी उलट्या बाजूने ठोकून टाक्याकडे वाकवून मोडायला लावतो. पट्टी वाकली आणि टाका टिकला, तरच दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचे काम हातात मिळते. ही परीक्षा आपण आर्कवाल्यांनाही लावा, कारण खपलीखाली न मिळालेला टाका मी रॉडचाही भरपूर पाहिला आहे.

धागालेखक:

ही परीक्षा मी माझ्या पहिल्या आठवड्याच्या सरावात आजच जोडतो. माझे मत आर्कचेच राहील, पण टी-जोड मोडून पाहिल्याशिवाय वजन पेलणारे काम कोणीही हाती घेऊ नये, ही अट मी दोन्ही यंत्रांना लावतो.